आजची बाई

मी युट्रेख्टला ऑफिसात होते. अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन आला. सिस्टर गेल्या, असं त्यांच्या मुलानं सांगितलं. मी लॅपटॉप बंद केला, डबा पिशवीत ठेवला आणि डेल्फ्टची गाडी धरली. सिस्टरना एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती मला अकरा दिवसांपासून ठाऊक होती.

सिस्टर माझ्या नात्यातल्या नव्हत्या. डेल्फ्टला शिकायला आले तेव्हा त्यांच्या घरी वरच्या खोलीत तीन वर्षं राहिले, एवढाच संबंध. मिरजेच्या एका इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होत्या. तरुणपणीच हॉलंडला आल्या, इथल्याच एका शाळामास्तरांशी लग्न केलं आणि निवृत्त होईपर्यंत इथल्या बायकांची बाळंतपणं केली. मी गेले तेव्हा मास्तर वारले होते आणि एकुलता एक मुलगा आर्नहेमला नोकरीला होता. पहिल्या दिवशी बॅगा आत घेताना मी त्यांना काकू म्हणाले.

“काकू कशी? तुझ्या काकाला मी ओळखतसुद्धा नाही,” त्या म्हणाल्या. “सिस्टर म्हण. ते मी परीक्षा देऊन मिळवलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दार वाजलं. सिस्टर एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात एक जाड कार्ड घेऊन उभ्या होत्या.

“चहा नंतर. आधी आजची बाई. वाच, मोठ्यानं वाच.”

कार्डावर शाईनं सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं होतं. साळू. कुणाची विधवा ते. गाव राजापूरकडचं. गुन्हा, नवजात मुलाचा खून. शिक्षा, जन्मठेप, काळं पाणी. शेवटच्या ओळीत, परत आल्याची नोंद नाही.

मी वाचलं.  परक्या देशात पहिली सकाळ, आणि आपण एका वेड्या बाईच्या घरी येऊन पडलो आहोत, असं मला वाटलं.

“वाचलंस ना? आता पी. साखर कमी आहे, सवय होईल.”

सवय झाली. तीन वर्षांत एकही सकाळ चुकली नाही. परीक्षेच्या दिवशी, तापात, घरी जायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी असतानासुद्धा आधी बाई, मग चहा. त्यांच्याकडे आधी राहून गेलेल्या मुलांनाही हाच नियम होता. एका डच मुलाला मराठी वाचता येत नव्हतं, तर त्याला त्यांनी अक्षरं शिकवली. तो पुढे कुठेसा डॉक्टर झाला. दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं, आणि पत्राच्या शेवटी त्याला आठवणारं एकेक नाव असायचं.

काळं पाणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पुरुष यायचे. शाळेत तेवढंच शिकवलं होतं. बायकाही गेल्या, हे मला सिस्टरकडे कळलं. पुष्कळशा विधवा. दिवस गेले, लपवले, बाळंत झाल्या, मूल मेलं किंवा मारलं, पोलीस पाटलानं वर्दी दिली, सुईणीनं साक्ष दिली, आणि बोटीत बसवून अंदमानला धाडलं. तिथं बायकांचा तुरुंग वेगळा. काही वर्षं काढल्यावर चांगल्या चालीच्या पुरुष कैद्याला त्यांच्यातली बायको करता यायची. बायका रांगेत उभ्या राहायच्या आणि तो समोरून बघत जायचा.

“बाईला नाही म्हणता येत होतं, असं कागदावर आहे,” सिस्टर सांगायच्या. “नाही म्हटलं तर कुठं जायचं? परत तुरुंगात. तू काय म्हणाली असतीस?”

 उत्तर त्यांना नकोच असायचं. त्या उठून भाजीला फोडणी द्यायच्या.

मास्तर होते तेव्हा दोघं सुटीत लंडनला जात. इतर जोडपी समुद्रावर जात, ही दोघं सरकारी दप्तरखान्यात. तिथल्या जुन्या याद्यांच्या झेरॉक्स आणायच्या, इंग्रज कारकुनानं कसंबसं लिहिलेलं नाव उलगडायचं, गाव कोणतं ते नकाशावर शोधायचं, आणि एका बाईचं एक कार्ड करायचं. दोनशेच्या वर कार्डं झाली होती. ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत असायची आणि झेरॉक्स खोक्यांत. काही ओळींत कारकुनानं नाव लिहिलेलंच नव्हतं, नुसतं अमक्याची बायको. त्या कार्डांवर सिस्टर वरची जागा कोरी सोडायच्या.

“यांना काहीतरी नाव द्या ना,” मी एकदा म्हणाले.

“आपण कोण देणार?”

कैद्यांच्या गळ्यात नंबराचं लाकडी तिकीट असे. सिस्टरनी कुठेतरी वाचलं आणि ते त्यांच्या डोक्यातून जाईना. गावाबाहेर भाड्याच्या वाफ्यांवर त्यांची मेथी, गवार, वाल असायचा. तिथं लोक लाकडी पट्टीवर भाजीचं नाव लिहून वाफ्यात खोचतात. सिस्टरच्या पट्ट्यांवर भाजीचं नाव कधीच नसायचं. साळू, गोदू, बयजा, रखमा असं असायचं. त्यांच्या मते नंबराच्या पट्टीवर परत नाव लिहायला हीच जागा बरी होती.

शेजारच्या वाफ्यातल्या डच आजोबांनी एकदा मला हळूच विचारलं, “ही साळू कसली शेंग असते? मी बियाणांच्या दुकानात विचारलं. त्यांच्याकडे नाही.”

मी सांगायच्या आत सिस्टर पलीकडून ओरडल्या, “मिळणार नाही! एकच होती!”

इथल्या मराठी मंडळातली माणसं त्यांना जरा टाळायची. टाळणाऱ्यांचा दोष नव्हता. आइंडहोव्हनला एका इंजिनियर जोडप्याच्या मुलीचं बारसं होतं. मुलगी सिस्टरच्या ओळखीच्या दाईकडे झालेली, म्हणून आग्रहानं बोलावणं होतं. नावं सुचवा, असा खेळ चालला होता. कुणी इरा म्हणालं, कुणी मायरा. सिस्टरनी पर्समधून कार्ड काढलं.

“बयजा ठेवा. फार दिवसांत कुणी हाक मारली नाही त्या नावानं.”

सगळे हसले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “कोण होत्या या?”

सिस्टरनी वाचून दाखवलं. सगळं. गुन्ह्यासकट.

पाळण्याशी बसलेली पुण्याहून आलेली आजी उभी राहिली. “अहो, शुभ दिवस आहे! माझ्या नातीच्या पाळण्यावर खुनी बाईचं नाव काढता?”

“शुभ दिवस आहे म्हणूनच काढलं,” सिस्टर शांतपणे म्हणाल्या. “तिच्या मुलीचं बारसं झालं नव्हतं.”

नंतर गाडीत मी त्यांच्यावर रागावले. तुम्हाला कुठं काय बोलावं कळत नाही, असंही म्हणाले. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. भिजलेली कुरणं, गायी, पाण्याचे चर. मग म्हणाल्या, “मायरा म्हणजे काय गं?”

एकदा मला त्यांनी रेल्वे आणि दोन बस बदलून उत्तरेला ड्रेन्थला नेलं. तिथं जुन्या काळी डच सरकार आपले भिकारी, बेवारस बायका आणि मुलं वस्ती करायला पाठवत असे. आता सगळं नीटनेटकं आहे, पाट्या आहेत, कॉफी मिळते. एका भिंतीवर तिथं आणलेल्या माणसांची नावं होती. सिस्टरनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. परतीची बस चुकली. मी चिडचिड करत थांब्यावर उभी होते.

“यांची भिंत झाली,” त्या म्हणाल्या, “माझ्या बायकांना पोस्टकार्ड पुरे.”

पोस्टकार्ड हा त्यांचा दुसरा नेम होता. महिन्यातून दोन-तीन कार्डं त्या गावांना जायची. मा. सरपंच यांस. आपल्या गावची अमुक बाई, नवरा अमुक, अमुक शिक्षेवर काळ्या पाण्यास गेली, ती परत आली नाही. कुणी वारस असल्यास कळवावे. नसल्यास गावानं तिची आठवण ठेवावी ही विनंती. खाली सही, निवृत्त परिचारिका, डेल्फ्ट. उत्तरं जवळजवळ येत नसत. एका सरपंचानं उलट लिहिलं होतं की आमच्या गावात असल्या बायका नाहीत आणि नव्हत्या. ते पत्र त्यांनी स्वयंपाकघरात चिकटवून ठेवलं होतं.

हे सगळं का, असं मी दोन वर्षं विचारलं नाही. मग एका दुपारी वाफ्यावर आम्ही गवारीच्या शेंगा तोडत होतो, आणि त्यांनी आपणहून सांगितलं.

मिरजेला त्या नव्या होत्या. एक मुलगी वॉर्डात आली, बरोबर कुणी नाही. बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी मूल मेलेलं सापडलं. कोर्टात सिस्टरना बोलावलं.

“वकिलानं विचारलं, जन्मल्यावर मूल रडलं होतं का? रडलं असेल तर ते जिवंत जन्मलं, म्हणजे नंतर मारलं. मी हो म्हणाले.”

“रडलं होतं ना?”

“त्या दिवशी तीन बाळंतपणं होती. रडण्याचा आवाज मी ऐकला होता.” त्यांनी एका शेंगेची शीर ओढली. “कुठल्या पडद्यामागून, ते मी बघितलं नव्हतं.”

मी पुढची शेंग तोडली.

“तिला शिक्षा झाली. मी इकडं आले. तिचं नाव कोर्टात एकदाच ऐकलं. आठवत नाही बघ.” मग टोपली माझ्याकडे सरकवली. “म्हणून तुला सांगते, घाई करू नये. एकीचं दुसरीच्या नावावर घालू नये. बाकी काही नाही जमलं तरी चालेल.”

माझं शिक्षण संपलं, युट्रेख्टला नोकरी लागली. काम असं की मोठ्या कंपन्यांच्या याद्या तपासायच्या आणि त्यातल्या चुका शोधायच्या. दर दुसऱ्या रविवारी मी डेल्फ्टला जात असे. गेल्या वर्षाच्या सुरुवातीला, हिवाळ्यात, सिस्टरच्या डोळ्यांचा पडदा गेला. कडेचं दिसायचं, मधलं नाही. सायकल बंद झाली. कार्डावरचं अक्षर दिसेना, आणि सकाळची बाई वाचायला घरात कुणी नाही.

मी म्हणाले, “सगळी कार्डं मी कॉम्प्युटरवर घेते. मोठ्या अक्षरात छापून देते.”

त्यांनी फार विचार केला. मग डबे माझ्यासमोर ठेवले. “तुझं तर कामच आहे हे,” त्या म्हणाल्या.

चार रविवार लागले. एका रकान्यात नाव, शेजारी नवरा, गाव, गुन्हा, शिक्षा. शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, “नावांच्या क्रमानं लाव, म्हणजे मला सापडेल.” माझी गाडी अठरा मिनिटांनी होती. मी नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावायची आज्ञा दिली. पडद्यावर एक चौकट आली, शेजारचे रकानेही बरोबर हलवायचे का, असं विचारणारी. मी ती वाचली नाही. दिवसातून दहा वेळा येते ती. बटण दाबलं आणि छापायला दिलं.

नावं खालीवर झाली. गावं, नवरे, गुन्हे, शिक्षा होत्या तिथंच राहिल्या. कोऱ्या जागा सगळ्या शेवटी गेल्या, आणि ज्यांना नाव नव्हतं त्यांच्यापुढे दुसऱ्या कुणाचं तरी नाव येऊन बसलं.

“बिननावाच्या शेवटी घेतल्यास, हे बरं केलंस,” पुढच्या वेळी त्या म्हणाल्या. “पण अगं, साळू राजापूरकडची ना? इथं धुळं कसं?”

“टाइप करताना चूक झाली असेल. दुरुस्त करते.”

मी ती एक ओळ दुरुस्त केली. ऑफिसात नव्या मुलांना मीच शिकवते की एक चूक दिसली तर शेजारच्या दहा ओळी बघायच्या. त्या दिवशी मी बघितल्या नाहीत. सिस्टरनी पुन्हा काही विचारलं नाही. फक्त मेमध्ये कधीतरी फोनवर म्हणाल्या, “मला हाउसआर्ट्सकडे, डॉक्टरकडे जायचंय. विसरायला होतंय हल्ली.”

“या वयात सगळेच विसरतात, सिस्टर.”

“तसं नाही. चुकीचं आठवतंय.”

मी ते ऐकून सोडून दिलं.

पोस्टकार्डं पुन्हा सुरू झाली होती. आता ती छापलेल्या यादीवरून जायची. मजकूर त्या सांगायच्या, मी लिहायचे. ऑगस्टमध्ये एका गावाहून उत्तर आलं. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं होतं. आमच्या घराण्यात एक सून पाण्याला गेली ती परत आली नाही, असं म्हणतात. नवऱ्याचं नाव तुम्ही कळवलं तेच. बाईचं नाव मात्र कुणाला माहीत नव्हतं, ते तुमच्या कार्डानं कळलं. आमची आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिची इच्छा आहे की यंदा पितृपक्षात गोदूचं पान मांडावं.

सिस्टरनी ते पत्र माझ्याकडून पाच वेळा वाचून घेतलं. सप्टेंबरात गुरुजींच्या नातीनं फोटो पाठवला. केळीचं पान, भात, वडे, खीर, आणि गच्चीच्या कठड्यावर एक कावळा. सिस्टरनी फोन डोळ्यांच्या कडेला धरून, मान तिरकी करून तो बघितला.

“आला की गं,” त्या म्हणाल्या. “लगेच आला असेल?”

त्या दिवशी त्यांनी पुरण घातलं. मला आणि डच आजोबांना जेवायला बसवलं. आजोबांनी विचारलं, आज काय आहे? त्या म्हणाल्या, “गोदू घरी पोचली.” इतकं आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गुरुजींनी आणखी माहिती मागवली होती, वय, बोट, जे असेल ते. म्हणून एका रविवारी दुपारी मी खोक्यातून लंडनची झेरॉक्स काढली. यादी छापल्यापासून कार्डांना किंवा झेरॉक्सना हात लावायची गरज पडली नव्हती. गुरुजींचं गाव सापडलं. नवऱ्याचं नाव बरोबर. वय चोवीस. बायकोच्या नावाची जागा कोरी. मी पान उलटलं, पुन्हा उलटलं. गोदू नऊ पानं पुढं होती, दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्याच कुणाची बायको. मग मी डबा उघडून पहिली पाच कार्डं काढली आणि यादीशी लावून बघितली. पाचही वेगळी.

स्वयंपाकघरातून आवाज आला, “सापडलं का गं?”

“शोधतेय.”

“घाई करू नकोस.”

त्या दिवशी सांगितलं नाही. आधी सगळं नीट करू, मग सांगू, असं ठरवलं. नुसती चूक घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. यादीची एक प्रत घेऊन गेले. डबे न्यायला मागितले असते तर का ते सांगावं लागलं असतं. अकरा दिवस झोपेतून उठताना मला पहिली गोष्ट तीच आठवायची. दोनदा फोन हातात घेतला. एकदा त्यांचा आला, मी मीटिंगमध्ये होते, उचलला नाही. पुढच्या रविवारी मी जाणारच होते.

क्रिमेटोरियममध्ये मुलानं मला बोलायला सांगितलं. तो त्यांना आई म्हणतो. मराठी कळतं, पण उत्तर डचमध्येच देतो. मी ठरवलं होतं की आजची बाई वाचायची. कागद हातात घेऊन उभी राहिले आणि भीती वाटली. माझ्या यादीतलं कुठलं गाव कुणाचं, मला खात्री नव्हती. मी फक्त नावं वाचली. साळू, बयजा, रखमा. गावं वाचली नाहीत. खाली बसल्यावर डच आजोबा माझ्या कानाशी म्हणाले, “साळूचं गाव तू सांगितलं नाहीस. ती नेहमी सांगायची.”

घर भाड्याचं होतं, महिन्याच्या आत रिकामं करून द्यायचं होतं. मी पुढच्या शनिवारी गेले तेव्हा मुलगा खोकी बाहेर काढत होता. फूटपाथवर रद्दी कागदाचा मोठा कचराडबा उभा होता, झाकण अर्धवट उघडं, पाऊस पडत होता. आत झेरॉक्स दिसल्या.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“जुने कागद. आईनं सगळं तुझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे असं सांगितलं होतं. सुरक्षित आहे म्हणाली.”

मी डब्यात वाकून कागद काढायला लागले. खालचे ओले झाले होते. तो दारात उभा राहून बघत होता. मग मी त्याला सांगितलं, तिथंच, पावसात. रकाना, चौकट, अठरा मिनिटं, गुरुजी, पान. माझं डच अशा वेळी फार मोडतं, तरी त्याला कळलं.

“तिला माहीत होतं?”

“नाही.”

“मग मला का सांगतेस?”

मी पुढचा कागद काढला. तो आत गेला. मला वाटलं दार लावून घेतोय. तो छापलेली यादी घेऊन परत आला. मोठ्या अक्षरातल्या सात नावांपुढे पेन्सिलीनं थरथरती प्रश्नचिन्हं होती आणि समासात सिस्टरच्या अक्षरात एकच ओळ होती. ‘माझंच चुकतंय?’

“पुढच्या आठवड्यात तिची तपासणी होती,” तो म्हणाला. “स्मरणशक्तीची. फार घाबरली होती. मला फोनवर म्हणायची, बायका माझ्या डोक्यात जागा बदलतात.” त्यानं यादी माझ्या हातात दिली. “तिचं बरोबर होतं ना?”

“सातही ठिकाणी.”

तोही डब्यात वाकला आणि कागद काढायला लागला. मग म्हणाला, “सगळं घेऊन जा. डबेसुद्धा. गाडीनं मी सोडतो.” युट्रेख्टला पोचलो. उतरताना त्यानं मराठीत विचारलं, “परत नीट करशील?” त्याच्या तोंडून आई सोडून मराठी शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

गुरुजींना पत्र लिहायला बसले तर होईना. चार मसुदे झाले. शेवटी फोन केला. आधी ते सिस्टरच्या जाण्याबद्दल हळहळले. मग मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

“म्हणजे आम्ही दुसऱ्याच्या बाईला जेवू घातलं?”

“हो. चूक माझी आहे. सिस्टरची नाही.”

“आणि आमची कोण?”

“गाव तुमचंच आहे, नवरा तुमच्याच घरातला. कागदावर तिचं नाव नाहीये.”

“कुठंच नाही?”

“मी सगळे कागद बघितले, गुरुजी.”

 मग त्यांचा आवाज खाली आला. “ताई, आमची आई त्या दिवसापासून रोज नाव घेते हो. तुळशीला पाणी घालताना गोदूला घालते. तिला काय सांगू मी?”

“मला माहीत नाही.”

“मी नाही सांगायचा. ती आहे तोवर गोदूच राहू दे. तुम्ही इकडं दुसरं कार्ड धाडू नका.” मी बरं म्हणाले. त्यांनी फोन ठेवला नाही. “तुमच्या वहीत मात्र खरं लिहा,” ते म्हणाले.

आता मार्च आहे. मी रोज सकाळी एक कार्ड झेरॉक्सशी लावून बघते, नाव, नवरा, गाव, एकेक करून, आणि ते मोठ्यानं वाचल्यावर चहा पिते. गोदूच्या खऱ्या गावाला कार्ड पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही. लाकडी पट्ट्या डच आजोबांनी आणून दिल्या, वाफा गेमेंटेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, दुसऱ्याला दिला. माझ्या टेबलाखाली चार खोकी आणि सहा डबे आहेत. एकशे सहा कार्डं तपासायची राहिली आहेत. गुरुजींच्या गावाच्या ओळीत नावाची जागा कोरी आहे.